नाटकासाठी माहिती हवी: पेशवाईत जुनाट खोकल्यावर वैद्य आणि फिरंगी डॉक्टर नेमकं काय करायचे?

खाडीपल्याड:
नमस्कार मंडळी. गणपतीत चाकरमानी आले की आमच्या वाडीचं नाटक असतं, यंदा ऐतिहासिक घ्यायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. काळ साधारण १७७०, जागा बाणकोट खाडीचा परिसर. मुख्य पात्र म्हणजे तुळाजी आंग्र्यांच्या आरमारातला एक तांडेल, १७५६ ला विजयदुर्ग पडला तेव्हापासून घरी येऊन बसलेला, आता खोकून खोकून बेजार. पहिल्या अंकात त्याला गावचा वैद्य बघतो. दुसऱ्या अंकात मुलगा त्याला होडीत घालून बाणकोटला नेतो, किल्ला तेव्हा इंग्रजांकडे होता, फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायचे ते त्याला, आणि तिथे नांगरलेल्या कंपनीच्या जहाजावरचा सर्जन त्याला तपासतो.

गाडी अडलीय ती अशी की आमच्या दिग्दर्शकाने सर्जनच्या गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलाय आणि पांढरा कोट दिलाय. आणि वैद्य काय करतो तर डोळे मिटून नाडी धरतो, "हं" म्हणतो आणि काढ्याची पुडी देतो, संपलं. मला हे दोन्ही खोटं वाटतंय पण खरं काय ते माहीत नाही म्हणून सांगता पण येत नाही. तपासायचे कसे, विचारायचे काय, औषध काय, आणि मुख्य म्हणजे हा क्षय आहे की नुसता खोकला हे त्यांना कळायचं का? जाणकारांनी प्लीज लिहा, तालमी सुरू झाल्यात.

जुनी_कागदपत्रं:
स्टेथोस्कोप आधी काढा बघू. तो लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ ला पॅरिसमध्ये काढला, तोही पहिल्यांदा नुसती कागदाची गुंडाळी करून पेशंटच्या छातीला लावलेली. तुमच्या नाटकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. क्षयाचा जंतू कॉखला सापडला १८८२ ला, एक्स-रे १८९५ चा. म्हणजे १७७० मध्ये छातीच्या आत काय चाललंय हे जिवंत माणसात बघायची काहीही सोय नाही, ना वैद्याकडे ना साहेबाकडे. पांढरा कोट पण नाही, तो फार नंतरचा, सर्जन आपल्या रोजच्याच कपड्यात काम करायचा आणि त्याच्या कपड्यावर डाग असले तरी कुणाला काही वाटायचं नाही.

एक गंमत आहे मात्र. १७६१ मध्ये व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून आत पाणी आहे की हवा हे ओळखायची पद्धत छापली होती. त्याचा बाप खानावळवाला, पिंपात दारू किती उरली ते ठोकून बघायचे त्यावरून त्याला सुचलं असं सांगतात. पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही, १८०८ ला नेपोलियनच्या डॉक्टरने, कॉर्व्हिझारने, फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे लोक ठोकायला लागले. त्यामुळे तुमच्या सर्जनला ठोकायला लावू नका, बाणकोटला उभ्या असलेल्या जहाजावरच्या माणसापर्यंत ते पोचलेलं असणं कठीण.

मग तो काय करेल? विचारेल, जीभ बघेल, नाडी बघेल, बेडका कसला पडतो ते भांड्यात थुंकायला लावून बघेल. आणि मग रक्त काढेल, हे जवळपास नक्की. हा सीन स्टेजवर जमवाच. दंडाला कोपराच्या वर पट्टी आवळायची, पेशंटच्या मुठीत एक काठी द्यायची, ती घट्ट धरली की शीर वर येते, मग लॅन्सेटने म्हणजे छोट्या धारदार पात्याने शीर छेदायची आणि खाली वाडगा. आठ-दहा औंस म्हणजे साधारण पाव लिटर रक्त. ते वाडग्यात तसंच ठेवून द्यायचे, गोठलं की वर पिवळट साय येते का ते बघायचे, साय आली म्हणजे आत दाह आहे आणि अजून रक्त काढायला हरकत नाही असा हिशोब. आधीच सुकलेल्या माणसाचं हे! तांडेल तिथे चक्कर येऊन पडला तर सर्जनला ते वाईट वाटणार नाही, उलट गुण आला समजेल.

एवढ्यावर नाही भागलं तर छातीवर फोड आणायचा. स्पॅनिश फ्लाय म्हणून एक हिरवा किडा असतो, त्याची पूड मेणात कालवून पट्टी छातीला रात्रभर लावायची, सकाळी हा टम्म फोड, तो फोडून वाहता ठेवायचा, का तर आतला दोष बाहेर ओढला जातो. पोटात द्यायला इपेकॅक नावाचं मूळ, उलटी होईल इतकं, किंवा समुद्री कांद्याचा व्हिनेगर-मधातला पाक, कफ सुटायला. झोपेसाठी अफू.

अफूवरून आठवलं, डोव्हर्स पावडर. अफू, इपेकॅक, ज्येष्ठमध, सोरा आणि एक क्षार, १७३२ पासून प्रसिद्ध. हा थॉमस डोव्हर डॉक्टर होण्याबरोबर खाजगी लुटारू जहाजावरचा कप्तान पण होता, निर्जन बेटावर एकटा राहिलेल्या अलेक्झांडर सेलकर्कला १७०९ ला ज्या मोहिमेने सोडवलं त्यात हा होता. आंग्र्यांच्या माणसांना चाचे म्हणणाऱ्या सर्जनच्या पेटीत एका इंग्लिश लुटारूची पावडर, यावर तुम्हाला एखादा संवाद नाही सुचला तर मला सांगा, मी लिहून देतो.

मातृभूमी_अभिमान:
बघा म्हणजे त्यांच्याकडे नुसता खाटिकखाना आणि आपल्याकडे हजारो वर्षांचं शास्त्र. आपल्या वैद्यांना नाडीवरून सगळं कळायचं, नाटकात हेच ठासून दाखवा.

वैद्य_दापोलीकडचा:
मी स्वतः आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो, तरी वरच्या प्रतिसादाला होकार देता येत नाही. नाडीवरून सगळं कळायचं हे नाटकवाल्यांनी आणि सिरियलवाल्यांनी पसरवलेलं आहे. योगरत्नाकर हा ग्रंथ महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या हातात असायचा, त्यात आठ गोष्टी तपासायला सांगितल्यात, नाडी, मूत्र, मळ, जीभ, शब्द, स्पर्श, डोळे आणि आकृती. नाडी ही आठातली एक. रक्त काढणंही आपल्याला परकं नाही, शीर उघडणं आणि जळवा लावणं दोन्ही सुश्रुतात आहे, फक्त क्षीण माणसाचं रक्त काढू नका असं आपल्याकडे बजावून ठेवलंय.

आता तुमचा तांडेल. वैद्य त्याला ओटीवर बसवेल आणि खूप बोलतं करेल, त्या बोलण्यातच तुमचा पहिला अंक आहे. चरकात खोकल्याचे पाच प्रकार, वाताचा, पित्ताचा, कफाचा, क्षतज म्हणजे छातीला इजा होऊन झालेला, आणि क्षयज. क्षतजाची कारणं काय दिलीत तर अति ओझी उचलणं, अति चालणं, लढाई, घोडे-हत्ती आवरणं. आता सांगा, जन्मभर दोर ओढले, वल्ही मारली, तोफा ढकलल्या अशा माणसाला बघून वैद्याच्या डोक्यात पहिलं काय येईल? तो विचारणार, लढाईत छातीवर काही आदळलं होतं का, पहिल्यांदा कोरडा खोकला होता का, रक्त कधीपासून. आणि खोकल्याचा आवाज कान देऊन ऐकणार. माधवनिदान या रोग ओळखायच्या ग्रंथात खोकल्याला एकूणच फुटक्या काशाच्या भांड्यासारखा आवाज म्हटलाय, आणि क्षतजात रोगी पारव्यासारखा घुमतो असं लिहिलंय. तुमच्या नटाला हे दोन आवाज वेगवेगळे करायला लावा, पहिल्या अंकात एक आणि शेवटी दुसरा, प्रेक्षकांना न सांगता कळेल की दुखणं वाढलं.

क्षय ओळखायचे तीन प्रश्न: खांदे आणि बरगड्या दुखतात का, तळहात-तळपाय जळतात का, अंगात ताप राहतो का. तिन्हीला हो आलं की वैद्याचा चेहरा बदलतो. पण तो रोग्यासमोर काही बोलणार नाही, मुलाला खळ्यात बाजूला घेईल. असाध्य वाटला तर हात लावायचा नाही अशी शिकवण होती, अपयश येतं आणि नाव जातं म्हणून. सगळेच वैद्य तसे वागायचे असं नाही पण त्याच्या मनात ती ओढाताण असणारच, गावातलाच माणूस, लहानपणापासून ओळखीचा.

औषध. रक्त पडत असेल तर लाख, हो तीच झाडावरची, दुधात मध घालून लगेच. मग अडुळसा, तो तर तुमच्या कुंपणालाच असेल. अडुळशाचं पान चोळून रस निघत नाही सहज, म्हणून पुटपाक करायचा. पानं वाटून गोळा करायचा, वर दुसऱ्या झाडाची पानं गुंडाळून सुताने बांधायचा, त्यावर दोन बोटं चिखलाचा लेप द्यायचा आणि चुलीतल्या निखाऱ्यात सारायचा. लेप लालबुंद झाला की बाहेर काढून फोडायचा, आतला गोळा वाफाळलेला मऊ असतो, तो फडक्यात पिळला की हिरवट काळा रस येतो भरपूर, निवला की मध घालून द्यायचा. कडूजहर असतो. तांडेलाची बायको हे चुलीपाशी करतेय आणि मागे वैद्य-मुलगा बोलतायत असं काहीतरी करा. सोबत सितोपलादी, खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १, तूप-मधातून चाटवायचं.

धूमपान पण सांगितलंय, मनशीळ वगैरे घालून नळीतून धूर ओढायचा आणि वर गुळाचं दूध प्यायचं. कुणी घरी करू नका, मनशिळेत आर्सेनिक असतं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आपलं सगळं सौम्य आणि त्यांचं सगळं जहाल असा जो समज आहे तो खरा नाही.

आणि शेळ्या! क्षयाला शेळीचं दूध, शेळीचं तूप, शेळीचं मांस, एवढंच नाही तर शेळ्यांमध्ये राहायचं आणि शेळ्यांमध्येच झोपायचं असं सरळ सांगितलंय.

देवगडकार:
गाववाल्यांनू बेहडो ईसरू नको हां. आमच्या आजयेचो उपाय, बेहड्याची साल तुपात परतायची नि तोंडात धरून निजायचा, रातभर खोकलो नाय. बाकी ता रगत काढूचा वाचून माकाच चक्कर इली.

वैद्य_दापोलीकडचा:
बरोबर आजीचं, ग्रंथात पण आहे, तूप लावून भाजलेला बेहडा तोंडात धरायचा. तांडेलाच्या गालात ठेवून द्या, बोलताना तो इकडून तिकडे सारतोय, नटाला हाताला काम मिळतं तसं तोंडाला काम मिळेल.

जुनी_कागदपत्रं:
शेळ्यांवरून, त्याच काळात इंग्लंडात क्षयाच्या श्रीमंत पेशंटला काय द्यायचे माहितीये का, गाढविणीचं दूध. पचायला हलकं म्हणून. आणि रोज घोड्यावर रपेट, अंगाला फ्लॅनेल, आणि गरम हवेकडे लांबचा समुद्रप्रवास! म्हणजे लंडनचा डॉक्टर ज्याला जहाजावर जा म्हणतो तोच रोग घेऊन तुमचा तांडेल जहाजावरून घरी आलाय. सर्जनने त्याला "समुद्राची हवा घे" म्हणावं आणि दुभाष्याने ते सांगितल्यावर तांडेलाने हसावं, खोकला येईपर्यंत.

त्या काळात पत्राने पण औषधोपचार चालायचे बरं का. एडिंबराचा विल्यम कलन, मोठा प्रोफेसर, लोक त्याला लांबून पत्रं लिहायचे, मला असा असा खोकला आहे, आणि तो न बघताच खाणंपिणं, कपडे, औषध सगळं लिहून पाठवायचा, हजारो पत्रं शिल्लक आहेत. आत बघता येतच नव्हतं, मग समोर बसून बघितलं काय नि पत्रात वाचलं काय, फार फरक कुठे पडत होता.

आणि हो, त्या काळात क्षयातून सुटणारे थोडेच हे धरून चाला. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला राजयक्ष्म्याने म्हणजे क्षयानेच गेले, वय सत्तावीस. अख्ख्या दौलतीतले वैद्य हाताशी असलेला माणूस. त्याआधी वसई जिंकणारे चिमाजी आप्पा १७३९ ची मे महिन्यातली ती लढाई मारून दीड वर्षात, १७४० च्या डिसेंबरात, छातीच्या जुन्या दुखण्यानेच गेले. तुमच्या नाटकाचं साल १७७२ केलंत तर थेऊरची बातमी खाडीपर्यंत येते असं दाखवता येईल.

खाडीपल्याड:
अरे काय खजिना दिलात! शेळ्या तर घेतल्याच, वाडीत आहेतच, स्टेजवर काय करतील ती गणपतीची इच्छा. १७७२ पण घेतो. एक राहिलं, वैद्याच्या औषधाने तांडेलाला मध्ये बरं वाटतं असं मी लिहिलंय, दिवाळीनंतर उठून फिरायला लागतो वगैरे, मग पुन्हा आडवा पडतो. हे पटेल का? का औषध लागू पडलं म्हणजे क्षय नव्हताच असं कोणी म्हणेल? आणि घरातल्या कुणाला लागण होईल ही भीती तेव्हा होती का?

ओपीडी_ताई:
मी छातीच्या ओपीडीत काम करते, इतिहास मला नाही माहीत पण खोकला रोज बघते. तुमचं मधलं बरं वाटणं अगदी पटतं. कोकणात पावसाळ्यात चार महिने ओल, दारं-खिडक्या बंद, चुलीचा धूर घरात कोंडलेला, वर म्हातारा गुडगुडी ओढणारा असेल तर विचारूच नका. ज्याला दमा किंवा धुराने झालेली जुनाट श्वासनलिकेची सूज आहे तो आगोटीपासून दसऱ्यापर्यंत बेजार आणि ऊन पडलं की सुधारतो, औषध घेवो न घेवो. मग श्रेय त्या महिन्यात जे औषध चालू असेल त्याला. अशी सोळा वर्षं पण निघतात. नुसता टीबी असता तर इतकी वर्षं काढणं अवघड, उपचार नसताना थुंकीत जंतू असलेल्या दहातले साधारण सात जण दहा वर्षांत जातात. म्हणून माझ्या मते तुमच्या तांडेलाला आधी वर्षानुवर्षं धुराचा-दम्याचा खोकला आहे आणि शेवटच्या दोनेक वर्षांत त्यावर टीबी बसलाय, वजन उतरलं, संध्याकाळचा ताप सुरू झाला, रक्त पडलं. आधीचा खोकला सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडलेला की नवीन दुखणं कधी घुसलं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. हे आजही होतं, "त्यांना खोकला आहेच हो पहिल्यापासून" म्हणतात आणि पेशंट फार उशिरा येतो.

औषधं अगदीच वाया होती असंही नाही. अफूने खोकल्याची उबळ खरंच दबते, कोडीन तिथूनच आलंय, रोग मात्र तसाच राहतो. आणि कफ पातळ करायला आपण ब्रोमहेक्झिन देतो ते अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून बनवलेलं आहे.

वैद्य_दापोलीकडचा:
ताईंनी लिहिलं तसंच वैद्याच्या तोंडी घाला, "हा जुना खोकला नव्हे, हा दुसराच आहे", एवढं त्याला आवाजावरून आणि उतरलेल्या मांसावरून नक्की कळेल.

लागणीचं म्हणाल तर सुश्रुतात स्पष्ट आहे, स्पर्शाने, श्वासाने, एकत्र जेवण्याने, एका अंथरुणावर झोपण्याने, दुसऱ्याचे कपडे वापरण्याने जे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात त्यात ज्वराबरोबर शोष म्हणजे क्षय धरलाय. म्हणून वैद्य ताट-वाटी वेगळी करायला सांगू शकतो.

जुनी_कागदपत्रं:
आणि इंग्लिश सर्जन नेमकं उलट म्हणेल! युरोपात दक्षिणेकडे लागण मानायचे, नेपल्सला १७८२ ला क्षयवाल्यांचे कपडे-सामान नष्ट करायचा कायदाच झाला, पण उत्तरेकडचे डॉक्टर बहुतेक करून घराण्याचा दोष, शरीराची ठेवण असं धरून चालायचे. म्हणजे वैद्य सांगतो नातवाला आजोबापाशी झोपवू नका आणि साहेब सांगतो काही होत नाही खुशाल झोपवा, आणि मुलगा घरी परत येताना होडीत बसून ठरवतोय कुणाचं ऐकायचं. घ्या तिसरा अंक.

चुलतभाऊ_महाड:
विषय सोडून विचारतो सॉरी. आमच्या काकांना जवळजवळ दोन महिने खोकला आहे, मेडिकलमधून सिरप आणतात, बीपीची गोळी पण चालू आहे. इथला अडुळशाचा पुटपाक करून देऊ का?

ओपीडी_ताई:
आधी थुंकी तपासा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की टीबीची तपासणी करायचीच, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, औषधही फुकट. एक्स-रे काढा. आणि बीपीची कुठली गोळी आहे ते डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, पण मनाने बंद करू नका. पुटपाक नंतर.

वैद्य_दापोलीकडचा:
ताईंना शंभर टक्के अनुमोदन, काकांना उद्याच न्या.

खाडीपल्याड:
मंडळी तिसरा अंक मिळाला, नातू पण मिळाला, दिग्दर्शकाने स्टेथोस्कोप तोंड वाकडं करून काढलाय. फक्त रक्त काढायच्या सीनचं काय करू? लाल रंगाचं पाणी एकदम खोटं दिसतं आणि पुढच्या रांगेत पोरं बसतात ती हसतात.

देवगडकार:
कोकमाचा आगळ घे रे. दाट, काळपट लाल, बत्तीच्या उजेडात अस्सल रगत. दंडाखाली फुगो लपव, टोचलो की वाडग्यात धार. ती पिवळी साय दाखवूची तर थोडी तांदळाची पेज हळद घालून वरून सोड, तरंगता. पण आगळाचो डाग जाता नाय, सर्जनाक भाड्याचो ड्रेस घालू नको.